वाट कोणाची?

(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथे वाचनालयाचे कार्यकर्ते व वाचक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दुर्गम वाटांची पुस्तके हा आजच्या भाषणाचा विषय ठरला, तेव्हा हा विषय वालुरात कशाला, अशी शंका काहींनी बोलून दाखवली. शंका रास्त आहे. आपल्याकडे सह्याद्रीचे कडे नाहीत, घाट नाहीत, गिरिदुर्ग नाहीत. दुधना आणि पूर्णा या दोन नद्यांच्या मुलखातील ही काळी, सपाट जमीन. पण याच काळ्या जमिनीत श्रावण-भाद्रपदात शेताकडे जाणाऱ्या वाटेवर बैल गुडघ्यापर्यंत रुततो, शाळेची मुले चपला हातात घेऊन चालतात आणि आजारी माणसाला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, हे येथे कोणाला सांगायला नको. दुर्गमता केवळ कड्याकपारीतच असते असे नाही. ती चिखलातही असते आणि माणसांच्या वागणुकीतही असते. म्हणून या विषयावर बोलण्याचा आपणांस पुरेपूर अधिकार आहे असे मी मानतो.

वाटांवरची पुस्तके अनेक प्रकारची. साहसकथा आहेत, प्रवासवर्णने आहेत, किल्ल्यांवरची पुस्तके आहेत आणि कोणत्या गावाहून कोणत्या खिंडीत कसे जावे हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकाही आहेत. ही पुस्तके आनंदाने वाचावीत. मात्र त्यांतील प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत: ही वाट कोणी पाडली? आज तीवरून कोण चालतो? आणि कोणाला चालू दिले जात नाही? एवढे तीन प्रश्न सोबत ठेवले, तर करमणुकीचे म्हणून गणले गेलेले पुस्तकही समाजाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

प्रथम साहसकथा घेऊ. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कथा वाचून आपल्यापैकी कित्येकांना शाळेच्या वयात जगाचा विस्तार कळला. त्या वाचनाचे ऋण मोठे आहे. मुलाच्या हातातून साहसकथा काढून घेऊन त्याला प्रबोधनपर पुस्तिका द्यावी, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. तसे केल्याने मूल साहसाला मुकते आणि प्रबोधनालाही कंटाळते. परंतु या कथांचे जे मूळ घराणे, म्हणजे अमेरिकेतील सरहद्दीवरच्या कादंबऱ्या, तिचा इतिहास जाणत्या वाचकाने माहीत करून घेतला पाहिजे.

जेम्स फेनिमोर कूपर या लेखकाने १८२३ ते १८४१ या काळात पाच कादंबऱ्यांची एक माला लिहिली. नॅटी बम्पो हा गोरा रानवाटाड्या तिचा नायक आणि चिंगाचगूक हा मोहिकन आदिवासी त्याचा जिवलग मित्र. यांतील 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' ही कादंबरी १८२६ ची. जंगल, नद्या, पाठलाग, पाऊलखुणांवरून काढलेला माग, हे सारे कूपरने असे रंगवले की पुढील शंभर वर्षांतील सरहद्दीच्या कथा बव्हंशी त्याच वळणाने गेल्या. कूपरला आदिवासींविषयी करुणा नव्हती असे नाही. पण त्याच्या कथेत मोहिकन लोक सूर्य मावळावा तसे मावळतात. त्यांच्या जाण्याला जणू कोणी जबाबदार नाही. ती निसर्गाचीच योजना आहे.

प्रत्यक्षात काय घडत होते? १८३० साली अमेरिकेच्या काँग्रेसने आदिवासींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस हलवण्याचा कायदा केला. त्या कायद्याच्या आधारे १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना बंदुकीच्या धाकाने घराबाहेर काढून शेकडो मैल चालवत नेण्यात आले. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजारांच्या आसपास माणसे त्या स्थलांतरात दगावली, असा अंदाज दिला जातो. त्या मार्गाला इतिहासात 'अश्रूंची वाट' हे नाव पडले. कूपरच्या नायकाची वाट आणि ही वाट एकाच देशातील, एकाच पिढीतील. पहिलीवर जगभर वाचली गेलेली कादंबरी झाली, आणि दुसरीची खरी ओळख होण्यास त्या देशातील सामान्य वाचकाला फार काळ लागला. आणि मोहिकन? ते संपले नाहीत. त्यांचे वंशज आजही विस्कॉन्सिन राज्यात राहतात. कादंबरीच्या नावानेच ज्यांना शेवटचे ठरवले, ते मागे उरून आहेत. 'निर्मनुष्य रान' हा शब्द पुस्तकात दिसला की, त्या रानातली माणसे कोठे गेली, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आता आपल्या घरी या. मराठी माणूस वाटेविषयी केव्हापासून लिहीत आला? याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ते गोदावरीच्या खोऱ्यातच मिळते. श्रीचक्रधरांनी तेराव्या शतकात या प्रदेशात पायी अटन केले. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी माणसामाणसाला भेटून, पडताळून 'लीळाचरित्रा'त गोळा केल्या. पुढे चौदाव्या शतकात महानुभावांनी 'स्थानपोथी' रचली. स्वामी कोणत्या गावी राहिले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, बसण्याची जागा कोणती, निजण्याची कोणती, याची त्या ग्रंथात नोंद आहे. भक्ताला त्या त्या जागी जाऊन पोचता यावे हा तिचा हेतू. भाविकाला तो धर्मग्रंथ आहे, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहिले तर मराठीतील ती एक फार जुनी मार्गदर्शिका आहे. तिच्यात किल्ले नाहीत, लढाया नाहीत. गावे, देवळे आणि पायी हिंडणारी माणसे आहेत. वाटांची नोंद ठेवणे हे परदेशी खूळ आहे असे कोणी म्हणाला, तर त्याला सहाशे वर्षांपूर्वीच्या या मराठी ग्रंथाचे नाव सांगावे.

दुसरे उदाहरण विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाचे. कोकणातल्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात निघाला, तो हौसेने निघाला नव्हता. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा होती. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या वेढ्यात तो सापडला, लुटला गेला, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतला. हे लेखन चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. आज आपण ते थरारक म्हणून वाचतो. पण हे पुस्तक मुळात कर्जापायी घराबाहेर पडलेल्या माणसाचे आहे, हे विसरू नये. मराठवाड्यातून दर वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे कारण परके वाटणार नाही. फरक एवढाच की विष्णुभटाला लिहिता येत होते आणि त्याचे लिहिलेले छापणारा कोणी निघाला.

यानंतर गो. नी. दांडेकरांचे नाव घ्यावेच लागते. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतलेला हा लेखक आयुष्यभर पायी हिंडला. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही नर्मदा परिक्रमेची कादंबरी, 'दुर्गदर्शन' आणि 'दुर्गभ्रमणगाथा' ही किल्ल्यांवरची पुस्तके, यांनी महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांना घराबाहेर काढले. त्यांच्या सर्व मतांशी आपण सहमत असू असे नाही. पण एका गोष्टीचे श्रेय त्यांना निःसंकोच दिले पाहिजे. गडावर गेल्यावर त्यांनी केवळ तटबुरूज पाहिले नाहीत, माणसेही पाहिली. मुंबई सोडून राजमाचीला परतलेला 'माचीवरला बुधा', 'जैत रे जैत' मधले ठाकर, ही माणसे मराठी कादंबरीत आली ती या पायपिटीमुळे.

त्यांच्यामागून मात्र जी मार्गदर्शिकांची लाट आली, तीत पुष्कळदा हा माणूस गाळला गेला. पायथ्याचे गाव, एस.टी.ची वेळ, चढाईला लागणारे तास, टाक्यातले पाणी पिण्याजोगे आहे की नाही, अशी माहिती त्यांत नेमकी असते आणि ती उपयोगाचीही असते. त्या पुस्तकांमुळे हजारो तरुण सुखरूप डोंगर चढून आले, हे मान्य केले पाहिजे. पण 'गावातून वाटाड्या घ्यावा' या तीन शब्दांत जो माणूस संपतो, त्याच्या पूर्वजांनीच ती वाट पाडली. महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या जळणाच्या, गुरांच्या आणि बाजाराच्या वाटा म्हणजेच आजच्या भटकंतीच्या वाटा. बाहेरून येणाऱ्याला पुस्तकाने रस्ता दाखवावा आणि रस्ता पाडणाऱ्याचे नाव त्या पुस्तकात नसावे, हे काही बरोबर नाही. किल्ल्याच्या पायथ्याची वस्ती पाणी कोठून आणते, हा प्रश्न टाक्यातल्या पाण्याइतकाच माहितीच्या पुस्तकात शोभला असता.

चालण्याचे आणखी एक पुस्तक आहे. त्याला प्रवासवर्णन कोणी म्हणत नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाले. कैकाडी समाजाचे कुटुंब, पाठीवर बिऱ्हाड घेतलेली गाढवे, गावोगाव टोपल्या विणून पोट भरणे आणि प्रत्येक गावात परकेपण. गडावर जाणारा संध्याकाळी घरी परततो. 'उपरा' मधल्या माणसांना परतायला घर नाही, म्हणून ती चालतात. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा अनेक जमातींचे हिंडणेच संशयास्पद ठरवले. हजेरी दिल्यावाचून त्यांना हालचाल करता येईना. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. समाजाच्या मनातला संशय मात्र पुरता गेला नाही. एकाच्या चालण्याला आपण छंद म्हणतो, दुसऱ्याच्या चालण्याला भटकेपणा म्हणतो आणि तिसरा चालू लागला की पोलिसांना कळवतो. माझी सूचना अशी की वाचनालयात 'दुर्गभ्रमणगाथा' आणि 'उपरा' ही पुस्तके एकाच फळीवर, शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही चालण्याची पुस्तके आहेत. पहिले नेणाऱ्याला दुसरे दिसले पाहिजे.

किल्ल्यांविषयी बोलताना मराठवाड्यातीलच एका प्रसंगाची आठवण द्यायला हवी. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला पाहायला निघाले. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. धुळीने माखलेल्या मंडळींपैकी काहींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदातील पाण्याने हातपाय धुतले. पाणी बाटवल्याचा आरडाओरडा झाला, तेथील मुसलमान रहिवासी जमले आणि प्रकरण हातघाईवर आले. अखेर, आत पाण्याला कोठेही शिवायचे नाही या अटीवर त्यांना किल्ला पाहू देण्यात आला आणि नजर ठेवायला बरोबर हत्यारबंद माणूस देण्यात आला. अस्पृश्यता एका धर्माच्या भिंतीआड राहिलेली नाही, हे दाखवण्यासाठी आंबेडकरांनी हा प्रसंग आपल्या इंग्रजी आठवणींत लिहून ठेवला. किल्ल्यांवरील पुस्तकांच्या यादीत ही पाने कोणी धरत नाही. माझ्या मते धरली पाहिजेत. दौलताबादचा अंधारी मार्ग किती अवघड आहे याची वर्णने पुष्कळ आहेत. पण त्या दिवशी त्या मंडळींना सर्वांत अवघड गेली ती दारातल्या हौदापाशी.

आणि सरहद्दीची साहसकथा हवीच असेल, तर तीही आपल्याकडे आहे. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात स्टेट काँग्रेसने संस्थानाच्या हद्दीबाहेर केंद्रे उभारली. नांदेड-परभणीच्या बाजूचे कार्यकर्ते उमरखेडसारख्या ठिकाणी जमत, रात्री हद्द ओलांडत, काम करून पुन्हा परतत. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली लढलेल्या या संग्रामाचा इतिहास अनंत भालेरावांनी 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' या १९८७ च्या ग्रंथात सविस्तर लिहिला. पण रात्री वाट कोणी दाखवली, पैनगंगेचा उतार कोणी सांगितला, भाकरी कोणी बांधून दिली, ती माणसे बहुतांशी नावावाचून राहिली. वाटाड्याचे नाव न लिहिण्याची खोड केवळ भटकंतीच्या पुस्तकांना आहे असे नाही. ती आपल्या चळवळींनाही आहे.

यावर कोणी म्हणेल की हे सारे ठीक, पण नापिकी, कर्ज आणि बेकारी समोर असताना वाटांच्या पुस्तकांवर भाषण करणे ही चैन आहे. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी थोडे इंग्लंडात जाऊ. तेथील गिरणगावांतल्या मजुरांनीही एके काळी हाच प्रश्न ऐकला होता.

मँचेस्टर शहराच्या आसपास डोंगराळ माळ आहेत. गेल्या शतकाच्या आरंभी त्यांतील पुष्कळ माळ उमरावांनी शिकारीचे पक्षी पोसण्यासाठी बंद करून ठेवले होते. आठवडाभर गिरणीत घुसमटलेल्या मजुराला रविवारी त्या माळावर पाऊल टाकण्याची बंदी. २४ एप्रिल १९३२ रोजी बेनी रॉथमन या विशीतल्या तरुण कम्युनिस्ट कार्यकर्त्याच्या पुढाकाराने शेकडो कामगार किंडर स्काउट या माळावर उघडपणे चढले. रखवालदारांशी झटापट झाली. सहा जणांना अटक झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या. बेकारीचे ते दिवस होते, मंदी कळसाला पोचली होती. तरीही त्या कामगारांना मोकळ्या माळावर चालण्याचा हक्क चैनीचा वाटला नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी मजूर पक्षाच्या बाजूने लिहिणाऱ्या 'डेली हेरल्ड' या दैनिकात टॉम स्टीफन्सन यांनी एक लेख लिहून उत्तर इंग्लंडच्या कण्यावरून जाणारी एक दीर्घ सार्वजनिक पायवाट मागितली. हे गृहस्थ तेराव्या वर्षी कापड छपाईच्या कारखान्यात कामाला लागलेले आणि पहिल्या महायुद्धात लढण्यास नकार दिल्याबद्दल तुरुंगात गेलेले. १९४९ साली ॲटली यांच्या मजूर सरकारने राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश यांसंबंधीचा कायदा केला. त्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यातील सार्वजनिक पायवाटांची पाहणी करून अधिकृत नकाशे तयार करण्याचे काम स्थानिक संस्थांवर टाकले. अनेक ठिकाणी गावपातळीवरील लोकांनी आणि पायी फिरणाऱ्यांच्या संघटनांनी स्वतः चालून ती पाहणी केली. स्टीफन्सन यांनी मागितलेली वाट १९६५ साली खुली झाली. लांबी सुमारे ४३० किलोमीटर. तिची पहिली सरकारी मार्गदर्शिका १९६९ साली निघाली, ती त्यांनीच लिहिली.

तेथील सर्वांत गाजलेल्या मार्गदर्शिकांचा कर्ता आल्फ्रेड वेनराइट हा ब्लॅकबर्न या गिरणगावातल्या गवंड्याचा मुलगा. तेराव्या वर्षी शाळा सुटली, नगरपालिकेत कारकुनी केली, पुढे केंडलच्या नगरपालिकेत खजिनदार झाला. सरोवर-प्रदेशातील डोंगरांवर १९५५ ते १९६६ या काळात त्याने सात खंड लिहिले, तेही प्रत्येक पान हाताने लिहून आणि रेखाटून. अमेरिकेतही अपालाचिया पर्वतातील सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या पायवाटेची कल्पना १९२१ साली मांडणारा बेंटन मॅकाय हा समाजवादी विचारांचा नियोजनकार होता. कारखान्यात पिचलेल्या माणसाला विसावा मिळावा, वाटेवर सहकारी छावण्या उभ्या राहाव्यात, असे त्याला वाटे. वाट १९३७ साली पुरी झाली, स्वयंसेवकांच्या हातांनी. सहकारी छावण्यांचे स्वप्न मात्र मागे पडले.

ही उदाहरणे इंग्लंड-अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी दिलेली नाहीत. ज्या अमेरिकेत ही वाट झाली, तेथेच अश्रूंचीही वाट झाली हे आपण आताच पाहिले. मुद्दा असा आहे की मार्गदर्शिका हा केवळ हौशी माणसाचा खिशातला सोबती नसतो. वाट सार्वजनिक आहे याचा तो लेखी पुरावा असतो. वाट जिवंत राहते ती चालण्याने. पण चालणाऱ्यांपुढे कुंपण आले, की त्या वेळी कागद लागतो.

येथे आपण पुन्हा वालुरात येतो. आपल्या शिवारात पाणंद रस्त्यांचे काय झाले आहे, हे आपण मला सांगायचे. मराठवाड्यातील गावोगावचे गाऱ्हाणे एकच आहे. दोन्ही बाजूंनी एकेक तास नांगर आत सरकतो, दर वर्षी वीत-दीड वीत, आणि एका पिढीत गाडीवाटेची पायवाट होते आणि पायवाटेचा बांध होतो. हे करणारा नेहमी बडा जमीनदारच असतो असे समजून आपण स्वतःची फसवणूक करू नये. दोन एकरवालाही तेच करतो, आणि कधी कधी तो आपल्याच पक्षाचा, आपल्याच भावकीतला असतो. त्रास मात्र सर्वांत जास्त होतो तो वाटेच्या टोकाला जमीन असलेल्या दुबळ्या शेतकऱ्याला, विधवेला, आणि डोक्यावर ओझे घेऊन जाणाऱ्या मजूर बाईला. पेरणीच्या तोंडावर वाट अडली की जमीन हातची असून नसल्यासारखी होते, आणि मग ती अडवणाऱ्यालाच स्वस्तात विकावी लागते.

कायदा आपल्या बाजूने नाही असे नाही. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. हा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून जाण्यायेण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देऊ शकतो. वहिवाटीची वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत पुष्कळांना ठाऊक नसते, आणि समजूत घालण्यातच ती निघून जाते. २०२५ साली शेतरस्त्यांची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घेण्याचा निर्णयही शासनाने केला. पण नोंद करायची तर वाट कोणती, कोठून कोठे, केव्हापासूनची, हे सांगणारे कोणी हवे. तो पुरावा आज म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणात आहे, आणि स्मरणाला सातबारा नसतो.

म्हणून या वाचनालयाने एक पुस्तक तयार करावे, असे मी सुचवतो. छापायची घाई नको. हाताने लिहिलेली वही पुरे. वालूरच्या शिवारातल्या सर्व वाटांची ती वही. गावनकाशाची प्रत घ्यावी, दोन तरुण आणि एक वयस्क अशी त्रिकुटे करावीत आणि प्रत्येक वाट पायी चालावी. वाटेचे गावातले नाव काय, ती कोठून कोठे जाते, नकाशावर आहे की नाही, कोठे अरुंद झाली, कोठे बंद झाली, पावसाळ्यात कोठे अडते, तिच्यावर कोणाकोणाची शेते आहेत, हे लिहावे. बायकांना वेगळे विचारावे. सरपणाच्या आणि पाण्याच्या वाटा पुरुषांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीला विचारावे, कारण सर्वांत जुन्या अडवलेल्या वाटा तेथे कळतील. धनगरांना मेंढरांच्या वाटा विचाराव्यात. आणि प्रत्येक माहितीपुढे सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, लिहावे. वाटाड्याला तीन शब्दांत संपवण्याची चूक आपण करू नये.

या वहीत आपल्या बारवांनाही जागा द्या. वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहायला आता लांबून माणसे येतात. गाळाने बुजलेल्या बारवा गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळ्या केल्या, हे काम फार मोलाचे झाले. बारव जशी गावासाठी, तशी वाटसरूसाठीही असे. कोणती वाट बारवेपाशी येत होती, हे शोधून काढा. आणि त्याबरोबर हेही लिहा की त्या पायऱ्या उतरण्याची मुभा कोणाला होती आणि कोणाला वरूनच ओंजळीत पाणी घ्यावे लागे. गावातले वृद्ध हे सांगू शकतील. ते लिहिताना संकोच वाटेल, वादही होतील. तरीही लिहा. स्थापत्याचे कौतुक छापणारे पुष्कळ भेटतील. ही दुसरी नोंद गावानेच करायची आहे.

अशी वही झाली की तिचे दोन उपयोग होतील. एक, तहसीलदारापुढे अर्ज जाईल तेव्हा एकट्या विधवेची तक्रार म्हणून न जाता गावाने चालून केलेल्या पाहणीचा आधार घेऊन जाईल. ग्रामसभेत ती वाचून दाखवली तर निम्मी भांडणे कचेरीत न जाताच मिटण्याचा संभव आहे. कारण शेजाऱ्याची वाट आपण किती खाल्ली, हे चारचौघांत वाचले गेले की माणूस नांगर थोडा मागे घेतो. आणि जो घेणार नाही, त्याच्याबाबतीत तो आपला आहे की विरोधी पक्षाचा, हे न पाहता उभे राहण्याची तयारी कार्यकर्त्यांनी ठेवली पाहिजे. ती तयारी नसेल तर वही सुरूच करू नये. अर्धवट सोडलेल्या पाहणीने अडवणाऱ्याचेच बळ वाढते.

दुसरा उपयोग वाचनाचा. ज्याने आपल्या शिवारातली वाट चालून, विचारून, लिहून काढली आहे, तो उद्या कूपर वाचेल, गोनीदा वाचतील किंवा एखादी नवी मार्गदर्शिका चाळेल, तेव्हा त्याला न छापलेली माणसेही दिसतील. साहसाची गोडी त्यामुळे कमी होत नाही. उलट, साहस केवळ नायकाचे नसते हे कळते.

पावसाळ्यापूर्वी, जमीन कोरडी आहे तोवर, पहिली वाट चालून घ्यावी. कोणती, ते आपण ठरवा. माझे मत विचाराल तर शिवारातल्या सर्वांत दुबळ्या शेतकऱ्याच्या शेताला जाणाऱ्या वाटेपासून सुरुवात करा. वहीचे पहिले पान भरले की मला कळवा. मी पुन्हा येईन, आणि त्या वेळी भाषण न करता आपल्याबरोबर चालेन.